कोटोरचं आखात आणि लोव्चेनचा घाट, भाड्याच्या गाडीने: सहा दिवसांत काय पाहावं?

शर्वरी

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माँटेनेग्रोला जायचं ठरतंय. आम्ही चौघं आहोत: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि आई. आईचं वय 70. सपाटीवर कितीही चालेल, पण गुडघ्यांमुळे पायऱ्या फार नकोत. क्रोएशियात डुब्रोव्निकला उतरायचं, तिथेच गाडी घ्यायची आणि सीमा ओलांडून खाली जायचं, असा विचार आहे. सहा पूर्ण दिवस हातात आहेत.

कच्चा आराखडा असा केलाय. पहिल्या दिवशी डुब्रोव्निक ते कोटोर. दुसऱ्या दिवशी कोटोर आणि पेरास्त. तिसऱ्या दिवशी लोव्चेन, त्सेतिन्ये करून बुद्वाला मुक्काम. चौथ्या दिवशी उत्तरेकडचे दुर्मितोरचे डोंगर, पाचव्या दिवशी तारा नदीची घळ आणि ओस्त्रोगचा मठ, सहाव्या दिवशी परत.

नवऱ्याला पंधरा वर्षं गाडी चालवायचा सराव आहे, घाटही भरपूर केलेत, पण रस्त्याच्या उजव्या बाजूने कधीच चालवलेली नाही. कोटोरहून वर जाणाऱ्या 25 वळणांच्या रस्त्याचे व्हिडिओ पाहून मी जरा घाबरले आहे. ज्यांनी हा भाग स्वतः गाडीने केलाय त्यांनी मोकळेपणाने सांगा. आराखडा चुकत असेल तर तेही सांगा.

दर्यावर्दी

शर्वरी, मी दोनदा जाऊन आलोय, एकदा मे महिन्यात आणि एकदा सप्टेंबरअखेर. तुमचा महिना उत्तम निवडलाय. समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो आणि ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते.

आता आराखडा. मला वाटतं तो खूप दाटलाय. माँटेनेग्रो जेमतेम 13,812 चौरस किलोमीटरचा देश, त्यामुळे नकाशावर सगळं हाताच्या अंतरावर दिसतं. पण डोंगर थेट समुद्रातून उठतात आणि रस्ता त्यांना वळसे घालत जातो. कोटोरहून दुर्मितोरच्या पायथ्याचं झाब्ल्याक गाठायला एका बाजूने तीन तासांहून जास्त लागतात, तेही कुठे न थांबता. लेक आणि आई बरोबर असताना लागोपाठ दोन दिवस असे काढलेत तर परतल्यावर गाडीची सीटच आठवेल.

माझा सल्ला: चार रात्री आखाताच्या काठावर एकाच घरात राहा. तिथले लोक या आखाताला नुसतं 'बोका' म्हणतात. किनारा 107 किलोमीटरचा आहे आणि त्यावर कोटोर, पेरास्त, रिसान, प्र्चान्य, हेर्सेग नोवी अशी गावं ओवलेली आहेत. पहिल्या दिवशी हेर्सेग नोवीकडून येताना कामेनारीला तुम्हाला गाड्या नेणारी फेरी बोट दिसेल. ती दहाएक मिनिटांत पलीकडे लेपेतानेला सोडते आणि अख्खा वळसा वाचवते. पहिल्यांदा जाताना ती घेऊ नका. रिसान, पेरास्त करत काठाकाठाने कोटोरला जा. तीसेक किलोमीटर आहे, पण दर दहा मिनिटांनी पाणी नव्या आकाराचं दिसतं. कधी तळं वाटतं, कधी नदी. वेरिगेच्या चिंचोळीत दोन्ही काठांमध्ये फक्त 340 मीटर उरतात, आणि ती ओलांडली की एकदम आतलं मोठं पात्र उघडतं. ते मी दोन्ही वेळा गाडी बाजूला लावून पाहिलं.

फेरी परतीच्या दिवशी घ्या. दिवसरात्र चालू असते.

कागदपत्रं_आधी

प्रवासाचं इतर जण सांगतीलच, मी फक्त कागदांचं सांगते. इथे चूक झाली तर विमानतळावरच सगळं अडतं.

क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटात आहे, माँटेनेग्रो नाही. म्हणजे तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येणार. व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच हवा. सिंगल एन्ट्री असेल तर परतीच्या दिवशी क्रोएशियाच्या सीमेवर अडकाल. चालू शेंगेन व्हिसा असेल तर माँटेनेग्रोत 30 दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा लागत नाही. तरी तिकिटं काढण्याआधी त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या पानावर ताजा नियम वाचून घ्या.

आरटीओतून आयडीपी, म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. तो वर्षभर चालतो. सोबत मूळ लायसन्स ठेवाच, नुसत्या आयडीपीला अर्थ नाही. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं असू द्या, अनामत त्यावरच अडकवून ठेवतात.

गाडी दुसऱ्या देशात न्यायची परवानगी आणि ग्रीन कार्ड बुकिंग करतानाच मागा. ग्रीन कार्ड म्हणजे सीमेपलीकडे विमा चालू असल्याचा कागद.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. माँटेनेग्रोत पोचल्यावर 24 तासांत परदेशी पाहुण्याची नोंदणी व्हावी लागते. हॉटेलवाले आपणहून करतात. खासगी घर घेतलंत तर मालकांना पहिल्याच दिवशी विचारा.

चलन दोन्हीकडे युरोच. माँटेनेग्रो युरोपीय संघात नाही, तरी तिथे युरोच चालतो.

शर्वरी

बाप रे, मल्टिपल एन्ट्रीचं लक्षातच आलं नव्हतं! अर्ज अजून भरायचाय, त्यामुळे वेळेत कळलं. मनापासून आभार.

दर्यावर्दी, दुर्मितोर सोडायचं जिवावर येतंय, पण तुमचं म्हणणं पटतंय. 25 वळणांबद्दल कोणी सांगेल का?

घाटवाट

मी सांगतो. गेल्या वर्षी बायको आणि दोन मुलांसह मी तो रस्ता चढलो आणि त्याच दिवशी उतरलोही.

आधी उजव्या बाजूचं. पहिला तास सर्वात कठीण असतो, म्हणून विमानतळावरून निघाल्यावर लगेच सीमेकडे धावू नका. जवळपासच्या रिकाम्या रस्त्यावर अर्धा तास फिरा. सरळ रस्त्यावर चूक होत नाही. चूक होते ती पेट्रोल भरून बाहेर पडताना, पार्किंगमधून निघताना, किंवा रस्ता सुनसान असताना. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणाला मोठ्याने 'उजवीकडे' म्हणायचं, आम्ही तसंच केलं. तुम्ही गाडीत डावीकडे बसलेले असता, त्यामुळे उजव्या चाकांचा अंदाज येत नाही आणि गाडी नकळत उजव्या कडेला सरकते. ड्रायव्हर मधल्या रेषेच्या जवळ बसलेला असला पाहिजे, एवढं एक डोक्यात ठेवलं तरी पुष्कळ. ऑटोमॅटिक गाडी मिळाली तर थोडे जास्त पैसे द्या पण तीच घ्या.

आता घाट. कोटोरच्या बाहेरून सुरू होतो आणि न्येगुशी गावाकडे जातो. वळणं भीतिदायक नाहीत, कारण चढ फारसा उभा नाही. अडचण रुंदीची आहे. बऱ्याच ठिकाणी दोन गाड्या शेजारून जात नाहीत आणि मधे मधे बाजूला थांबण्यापुरते रस्त्याचे फुगवटे ठेवलेत. समोरून गाडी आली की ज्याच्या मागे फुगवटा जवळ, तो मागे जातो. त्यामुळे या घाटात खरं कौशल्य एकच लागतं: आरशात बघून वीसतीस मीटर शांतपणे रिव्हर्स घेता येणं. नवऱ्याला ते जमत असेल तर निर्धास्त जा. जमत नसेल तर आत्ताच सराव सुरू करा, दोन महिने आहेत.

सकाळी आठच्या आत चढायला लागा. दहानंतर बंदरात आलेल्या क्रूझ जहाजांचे प्रवासी छोट्या बसमधून वर येतात आणि मग प्रत्येक वळणावर थांबावं लागतं. सकाळी लवकर जायचं दुसरं कारण उजेडाचं. डोंगर कोटोरच्या पूर्वेला आहे, त्यामुळे गावात ऊन उशिरा उतरतं. तुम्ही वर पोचेपर्यंत ऊन तुमच्या पाठीमागून आखातावर पडू लागतं. संध्याकाळी तेच ऊन समोरून डोळ्यांत येतं.

गाडी लहानात लहान घ्या. चौघांच्या चार मोठ्या बॅगा न नेता दोन न्या. आणि दिवसाही हेडलाइट चालू ठेवा. तिथे तो नियम आहे.

सोनचाफा_९

घाटवाट, सविस्तर आणि उपयोगी प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

मला मात्र शर्वरीच्या मूळ आराखड्याची बाजू घ्यावीशी वाटते. दुर्मितोर बघून आल्यावर मला किनाऱ्याचं फार काही वाटलं नाही. बोबोतोव कुक शिखर 2523 मीटर उंच, खाली काळ्याशार पाइनमधलं त्स्र्नो येझेरो हे तळं, आणि तारेची घळ काही ठिकाणी 1300 मीटर खोल. तारेवरचा 1940 मधला कमानींचा पूल तर आईंनाही बघता येईल, गाडी पुलाच्या तोंडाशीच लागते. इतक्या लांब जाऊन हे वगळायचं?

दर्यावर्दी

सोनचाफा, दुर्मितोर सुंदर आहे यात वाद नाही. मी तिथे तीन रात्री राहिलो होतो, म्हणूनच म्हणतो की त्याला एका दिवसात उरकू नये. सहा दिवसांपैकी दोन रात्री झाब्ल्याकला देणार असतील तर मी आनंदाने मान्य करेन. मग बुद्वा आणि ओस्त्रोग गाळावं लागेल. शर्वरी, दोन्हीपैकी एक निवडा आणि त्याला पूर्ण वेळ द्या. आई बरोबर आहेत म्हणून माझं मत किनाऱ्याच्या बाजूने.

कातळ

भूगोल हा माझा आवडीचा विषय, म्हणून थोडं लांबण लावतो.

या आखाताला जाहिरातीत सर्रास 'दक्षिणेकडचा फ्योर्ड' म्हणतात. फ्योर्ड हिमनदीने कोरलेला असतो. बोका म्हणजे नदीची खोल घळ, समुद्राची पातळी वाढली तेव्हा पाण्याखाली गेलेली. भोवतीचे डोंगर चुनखडीचे आहेत. पाणी वर टिकत नाही, फटींतून खाली मुरतं, म्हणून माथे उघडेबोडके दिसतात. गंमत अशी की हा युरोपातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक आहे. रिसानच्या वर क्र्क्वित्से नावाची जागा आहे, तिथे वर्षाला सरासरी 4500 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ते सगळं पाणी डोंगराच्या पोटातून वाहत येऊन समुद्रकाठी झऱ्यांनी बाहेर पडतं. कोटोरच्या तटाला दोन्ही बाजूंनी असंच पाणी लागून आहे, उत्तरेला श्कुर्दा आणि दक्षिणेला गुर्दिच. रिसानजवळ सोपोत नावाची गुहा आहे. जोराच्या पावसानंतर तिच्यातून धबधबा उसळतो आणि रस्त्याखालून समुद्रात पडतो. एरवी ती कोरडी असते.

घाटाबद्दलही सांगण्यासारखं आहे. कोटोर 1420 पासून 1797 पर्यंत व्हेनिसच्या ताब्यात होतं आणि पुढे ऑस्ट्रियाकडे गेलं. वर डोंगरात माँटेनेग्रोचं राज्य होतं, त्याची राजधानी त्सेतिन्ये. बंदर खाली दिसायचं पण ते परक्याचं. वरचे लोक खेचरांवर चीज आणि सुकवलेलं मांस लादून नागमोडी पायवाटेने कोटोरच्या बाजारात उतरायचे. ती पायवाट किल्ल्याच्या मागे अजून आहे. गाडीरस्ता 19व्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात योसिप स्लादे या अभियंत्याने आखला. बैलगाडी आणि घोडागाडी चढली पाहिजे असा हिशेब असल्यामुळे त्याने चढ सौम्य ठेवला आणि वळणं वाढवली. घाटवाट यांना तो उभा वाटला नाही, त्याचं कारण हे.

आणखी एक. 15 एप्रिल 1979 रोजी इथे मोठा भूकंप झाला आणि कोटोरचं जुनं गाव फार ढासळलं. त्याच वर्षी युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतलं आणि धोक्यातल्या वारशांच्या यादीतही टाकलं. त्या यादीतून 2003 मध्ये ते बाहेर आलं. गल्ल्यांमधून चालताना नीट बघा, जुने आणि नवे दगड वेगळे ओळखू येतात.

मीनल_क

कातळ, फार छान. असे प्रतिसाद वाचायलाच मी इथे येते.

शर्वरी, शाकाहारी कोणी आहे का? असेल तर 'ब्लित्वा' मागा, लसूण आणि ऑलिव्ह तेलात परतलेली पालेभाजी आणि बटाटा. डोंगरात 'काचामाक' मिळतो, मक्याचं पीठ आणि बटाटा घोटून वर चीज घातलेला. न्याहारीला 'प्रिगानित्से', म्हणजे तळलेले छोटे गोळे मधासोबत. लेकीला नक्की आवडतील. न्येगुशीला थांबाल तेव्हा तिथलं चीज घ्या. मांस खात असाल तर धुरावलेला प्र्शुतही तिथलाच नावाजलेला.

एक प्रश्न: पेरास्तला पार्किंगपासून आईंना किती चालावं लागेल? मलाही माझ्या सासूबाईंना न्यायचंय. मोसमात पाण्याकाठच्या रस्त्यावर गाड्या सोडत नाहीत असं ऐकलं.

घाटवाट

पायऱ्यांबद्दल सांगायचं राहिलं. कोटोरचा किल्ला आईंसाठी नाही, सुमारे 1350 पायऱ्या आहेत. लोव्चेनवर येझेर्स्की व्ह्रह या 1657 मीटरच्या शिखरावर माँटेनेग्रोचा जुना राज्यकर्ता आणि कवी न्येगोश याची समाधी आहे. तिथेही गाडीतळापासून 461 पायऱ्या, बोगद्यातून. आईंना खालच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर बसवा, दृश्य तिथूनही मोठं आहे. घाट नकोच वाटला तर 2023 मध्ये सुरू झालेली केबल कार आहे. अकरा मिनिटांत 1300 मीटरच्या वर नेते. पण समाधी तिथून बरीच लांब आहे, चालत जाता येणार नाही.

आणि गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंचा, चाकांचा, काचांचा व्हिडिओ काढा. एका कंपनीने आमच्याकडून चाकाच्या कडेवरच्या जुन्या ओरखड्याचे पैसे मागितले होते. व्हिडिओ दाखवला तेव्हा मागणी सोडली. साध्या विम्यात टायर आणि काच बहुधा नसते, ते विचारून घ्या.

शर्वरी

(अडीच महिन्यांनी)

मंडळी, जाऊन आलो. दुर्मितोर गाळलं. चार रात्री दोब्रोतात, कोटोरला लागूनच, आणि शेवटची रात्र वीरपाझारला, स्कादार सरोवराच्या काठी. बुद्वाला मुक्काम केला नाही, फक्त स्वेती स्तेफान वरच्या रस्त्यावरून पाहिलं. लेकीने ते बेट तिथेच बसून वहीत काढलं.

सीमेवर जाताना सव्वा तास गेला. येताना आम्ही किनाऱ्याकडचं छोटं ठाणं निवडलं, वितालिना-कोबिलाचं. तिथे वीस मिनिटांत सुटलो.

घाट. नवऱ्याने खरोखर दोन महिने रोज सकाळी रिव्हर्सचा सराव केला होता. आम्ही पावणेआठला चढायला लागलो. आई मागे बसून वळणं मोजत होती. सतराव्या वळणाच्या पुढे एक डिलिव्हरी व्हॅन समोर आली आणि फुगवटा आमच्या मागे होता. मी खिडकीतून कठड्याकडे बघत होते, तो आरशात. कोणी एक शब्द बोललं नाही. गाडी मागे गेली, व्हॅनवाल्याने हात वर केला, आणि आईने मोजणी पुढे सुरू केली. वर पोचलो तेव्हा अख्खं आखात खाली उघडं पडलं होतं. आदल्या दिवशी ज्या रस्त्याने तीन तास रेंगाळत आलो तो एका नजरेत मावत होता. दर्यावर्दी, आधी काठाने जा असं तुम्ही का म्हणालात ते तिथे कळलं. प्रत्येक गाव ओळखता येत होतं.

समाधीच्या पायऱ्या मी आणि लेक चढलो. इव्हान मेश्त्रोविचने घडवलेल्या दोन काळ्या दगडी स्त्रिया दारात उभ्या आहेत, आत सोनेरी छत. नवरा आईबरोबर खाली थांबला. न्येगुशीला चीज घेतलं आणि त्सेतिन्येच्या सपाट, झाडांच्या रस्त्यांवर आई मनसोक्त चालली. एवढ्याशा गावात पूर्वीच्या परदेशी वकिलातींच्या इमारती अजून उभ्या आहेत. तिथून रियेका त्स्र्नोयेविचाच्या जुन्या रस्त्यावर पाव्लोवा स्त्रानाला थांबलो. नदी डोंगराला घोड्याच्या नालासारखा वळसा घालते ती जागा. तो रस्ता अरुंद आहे, पण रहदारी जवळजवळ नव्हती.

आईला सर्वात जास्त आवडलं ते पेरास्तसमोरचं बेट, गोस्पा ओद श्क्र्पेला. ते बेट माणसांनी केलंय. 1452 मध्ये खलाशांना खडकावर मेरी आणि बाळ येशूचं चित्र सापडलं अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून सफरीवरून सुखरूप परतलेला प्रत्येक जण तिथे दगड टाकत गेला, जुनी जहाजंही दगड भरून बुडवली. अजूनही दर 22 जुलैला गावकरी होड्यांची रांग करून दगड टाकायला जातात. चर्चमध्ये एक भरतकाम आहे. दर्यावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत पेरास्तच्या एका बाईने ते 25 वर्षं केलं, रेशमाबरोबर स्वतःचे केस वापरून. आई त्याच्यापुढून हलेना. ती स्वतः आयुष्यभर भरतकाम करत आलीय. तिने टाके जवळून पाहिले आणि लेकीला दाखवलं की देवदूतांचे केस सुरुवातीला काळे आहेत आणि पुढे पुढे पांढरे होत गेलेत.

कातळ, सोपोत कोरडा होता, पाऊस झालाच नाही. पण श्कुर्दाच्या पाण्यात पाय घातले. शेजारचा समुद्र कोमट आणि हे पाणी बर्फासारखं.

मीनल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: गाडी गावाच्या टोकाच्या तळावर लावावी लागते, पाण्याकाठी नेऊ देत नाहीत. तिथून नावांच्या धक्क्यापर्यंत रस्ता अगदी सपाट आहे, एकही पायरी नाही. आई वाटेत दोनदा बाकावर बसली आणि पाव तासात पोचली. नावेत चढताना मात्र एक उंच पायरी आहे, तिथे नावाडी हात देतो.